चारायची वेळ

संध्याकाळी साडेसहा ते सात. माझ्या लेकीच्या अभ्यासाचं वेळापत्रक कपाटाच्या दारावर चिकटवलेलं होतं, त्यात अर्ध्या तासाची ही एकच चौकट हिरव्या पेनानं रंगवलेली होती. बाकी सगळं निळं नि लाल: भौतिक, रसायन, जीव, टेस्ट, टेस्टची उजळणी, पुन्हा भौतिक. हिरव्या चौकटीत तिनं लिहिलं होतं, ‘पिल्लं मोकळी’. माझे वडील, म्हणजे अण्णा, त्याला चारायला सोडणं म्हणायचे. दोन गिनीपिग, ओंजळीत मावणारे जीव. त्यांना हॉलमध्ये सतरंजीवर सोडायचं, आणि अण्णा म्हणणार, ‘चला, चारायची वेळ झाली.’

आधीच सांगते, मला जनावरांचं काडीचं कौतुक नाही. मी चाकूरला शाळेत गणित शिकवते, रोज लातूरहून एसटीनं जाते-येते, आणि माझं तोंड फटकळ आहे हे शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. चुकीच्या उत्तराला मी कधी दयेनं मार्क दिला नाही. पोरं रडली तरी नाही. याचा मला अभिमान होता. होता म्हणते, कारण पुढं जे झालं ते याच अभिमानापायी झालं.

लेक दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. काय पाहिजे विचारलं तर पोरी नवा मोबाईल मागतात, हिनं गिनीपिग मागितले. नांदेडला माझ्या मावशीच्या घरी नातवंडांनी हौसेनं आणलेल्या दोन होत्या, आणि पोरांची हौस फिटल्यावर मावशीची सून वैतागली होती. ‘ने बाई, उपकार होतील,’ म्हणाली. मोसंब्याच्या खोक्यात घालून, खोकं मांडीवर घेऊन मी एसटीत बसले. शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं अहमदपूरपर्यंत मला सोडलं नाही. ‘ससे हायत का?’ नाही. ‘मग उंदरं?’ नाही. ‘मग हाय तरी काय?’

‘माझ्या डोक्याला ताप हाय, काका,’ मी म्हणाले.

एक तांबूस होती, एक काळी-पांढरी. शेजारच्या मिस्त्रीभाईंचं फर्निचरचं काम, त्यांनी उरलेलं प्लायवूड आणि जाळी ठोकून पिंजरा करून दिला. ‘आपा, घूस पालरे क्या?’ म्हणून हसले, आणि पैसे विचारले तर हात जोडले. लेकीनं मोबाईलवर वाचून आम्हाला सगळ्यांना शहाणं केलं. यांना रोज पिंजऱ्याबाहेर काढावं लागतं. कोंडून ठेवलं तर पाय आखडतात, खाणं सोडतात, कोपरा धरून बसतात. मी म्हटलं, ‘अगं, तुझंबी तेच होऊन राहिलंय की. अकरावीपासून तूबी कोपराच धरलायस.’ ती म्हणाली, ‘मग आम्ही तिघी अर्धा तास मोकळ्या.’ अशी ती हिरवी चौकट.

अण्णा तेव्हा आमच्याकडं येऊन दोनेक महिने झाले होते. मोतीबिंदू काढायला किल्लारीकडून आणलं होतं. एक डोळा झाला, दुसरा राहिला, म्हणून राहिले. राहिले म्हणजे घरात नाही. गच्चीवर टाकीच्या बाजूला पत्र्याचं शेड होतं, तिथं त्यांची बाज. जेवायला पोर्चच्या पायरीवर बसायचे, ताट उंबऱ्यावरून घ्यायचे. दवाखान्यातला तो पाऊण तास सोडला तर भूकंपापासून अण्णा स्लॅबखाली बसले नव्हते. सरकारनं नव्या गावात बांधून दिलेल्या घरात त्यांनी ज्वारीची पोती ठेवली आणि स्वतः बाहेर पत्रे उभे करून राहिले. माझ्या लग्नात कार्यालयाच्या दारात उभं राहून त्यांनी अक्षता टाकल्या. कन्यादान मावशीच्या यजमानांनी केलं. मी मांडवातून मान वळवून बघितलं तर दारातल्या गर्दीत त्यांचा फेटा तेवढा दिसला.

भूकंप झाला तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि शाळेसाठी नांदेडला मावशीकडं राहत होते. म्हणून मी आहे. आई आणि माझा धाकटा भाऊ गेले. अण्णा वाचले. कसे वाचले ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, माझं लग्न ठरल्यावर. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव दमून झोपलेलं. पहाटेच्या आधी गोठ्यात बैल उधळायला लागले. दाव्याला हिसके देत होते, फुरफुरत होते, जागच्या जागी उड्या मारत होते. साप-विंचू असेल म्हणून अण्णा उठून गेले. बघितलं तर काहीच नाही. मग बैलांना शिव्या घातल्या आणि दोघांची दावी आणखी आवळून बांधली. गाठ मारून वळले, आणि हातभर जाडीच्या दगडी भिंतींचं, वर मातीचं माळवद असलेलं आमचं घर त्यांच्या डोळ्यांसमोर खाली बसलं.

‘बैलं सांगायली व्हती माय,’ ते म्हणाले, ‘आन् मी दावी आवळली.’

मी त्यावर काही बोलले नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. त्यांना काय म्हणायचं? पण बारा वर्षांच्या पोरीचा एक राग माझ्यात होता, तो मी मोठी झाले तरी तेवढाच राहिला. आई हाका मारत असेल आणि हे गोठ्यात गाठी मारत होते, असं मनात यायचं. आलं की मला माझीच लाज वाटायची, मग मी त्यांच्यासाठी काहीतरी गोड करायची.

त्या साली थंडी लई पडली. अण्णांची छाती भरली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यांना उघड्यावर झोपू देऊ नका, अशी आणखी एखादी थंडी हे काढणार नाहीत. आता हे मला सांगून काय उपयोग? मी विनवलं, भांडले, दोन दिवस जेवले नाही. गच्चीच्या जिन्याला कुलूप घातलं, तर ते अंगणात तुळशीपाशी पोतं टाकून झोपले. शेवटी मीच कुलूप काढलं. ‘तुझं घर चांगलं हाय माय,’ ते समजुतीनं म्हणायचे, ‘पर वर स्लॅब हाय.’ त्यांचा खोकला खाली आमच्या खोलीपर्यंत ऐकू यायचा आणि मी छताकडं बघत पडून राहायची. अण्णांनी घरात येऊन झोपावं, एवढं एकच मागणं होतं माझं. लेकीच्या परीक्षेहून मोठं.

जे मला जमलं नाही ते त्या दोन जिवांनी केलं.

लेकीच्या क्लासची वेळ बदलली, साडेसहा झाली. लातूरमध्ये क्लासच्या वेळेपुढं कुणाचं काही चालत नाही, लग्नाचे मुहूर्तसुद्धा बघून काढतात. ती अण्णांना म्हणाली, ‘आजोबा, माझं एक काम कराल? ह्यांना अर्धा तास सोडायचं आणि परत घालायचं. मम्मीला सांगितलं तर ती त्यांना पाढे शिकवील.’ अण्णा हसले, हाव म्हणाले. आणि उंबऱ्यात बसले, एक पाय आत, एक पाय बाहेर, दार अर्धं उघडं.

‘असं न्हाई जमायचं,’ लेक दप्तर पाठीला लावत म्हणाली. ‘गल्लीत तो बोका हाय. दार उघडं राहिलं तर संपलंच. एक तर आत या, न्हाईतर राहू द्या.’

मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. बराच वेळ काही आवाज नाही. मग दार ओढल्याचा आवाज आला, आणि कडी. मधल्या उघड्या दारांतून बघितलं तर अण्णा हॉलमध्ये, भिंतीला पाठ न लावता, सतरंजीच्या कडेला उकिडवे बसलेले. दाराखालच्या फटीत खांद्यावरचा पंचा कोंबलेला. एकदा वर स्लॅबकडं बघत होते, एकदा त्या दोघींकडं. माझी तव्यावरची भाकरी करपून काळी झाली, धूर झाला, पण मी हलले नाही. मला भीती वाटली, मी हलले की ते उठून जातील.

अर्धा तास बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. मी मिस्टरांना दम दिला, काही बोलायचं नाही, कौतुक करायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. हळूहळू अण्णांनी त्या अर्ध्या तासाचा सगळा कारभार हातात घेतला. या कुरतडतात म्हणून फ्रिजची वायर वर बांधली. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन दारं पाडली, एक आत जायला, एक पळून जायला. ‘घराला दोन दारं पाहिजेत,’ म्हणाले. कोथिंबिरीचे देठ, लसूणघासाच्या काड्या, जिऱ्याएवढ्या लेंड्या गोळा करायला केरसुणीचा तुकडा. तांबूस होती ती तांबडी, काळी-पांढरी ती बांडी. गाई-बैलांना म्हणतात तसंच. ‘ही तांबडी लई भांडखोर,’ मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, ‘शाळेत मास्तरीण व्हती वाटतं मागल्या जन्मी.’ मी आतून म्हणायची, ‘ऐकू येतं मला.’ पिशवी वाजली की दोघी शिट्टीसारख्या ओरडायच्या आणि अण्णांना खोकत खोकत हसू यायचं. पुढं पुढं दोघींना पिंजऱ्यात घातल्यावरही ते लगेच उठेनासे झाले. चहा आत प्यायला लागले. एकदा बातम्या बघितल्या, पुऱ्या. पाठ भिंतीला टेकली होती. मी मनात म्हटलं, संक्रांतीपर्यंत बाज खाली येते.

मग तुरीची रास व्हायची म्हणून ते गावाकडं गेले. शेत बटईनं दिलेलं होतं. चार दिवस म्हणून गेले ते आठ दिवस राहिले. मधल्या रविवारी लेक घरी होती, तिनं दोघींना सोडलं, आणि एकदम किंचाळली, ‘मम्मी! मम्मी लवकर ये!’

मी धावले. तांबडी उभ्या जागेवरून वीतभर हवेत उडाली, हवेतच अंगाला पीळ दिला, खाली आली, पळाली, पुन्हा उडाली. तिचं बघून बांडीनंही तेच सुरू केलं. दोघी चीं-चीं करत खोलीभर उधळल्या होत्या. मला वाटलं फिट आली. ‘हट! फिट कसली?’ लेक टाळ्या पिटत म्हणाली. ‘लई खूश झाले की असंच उडतात हे. मी वाचलंय. म्हणजे आता त्यांना हे घर आपलं वाटायला लागलं मम्मी!’ तिचा चेहरा मी कित्येक महिन्यांत असा बघितला नव्हता. दुसऱ्या दिवशी क्लासला निघताना चप्पल घालता घालता म्हणाली, ‘आजोबा आले की सांग हां त्यांना. विसरू नको.’

‘सांगते,’ मी म्हणाले.

अण्णा शनिवारी आले. हरभऱ्याचा हिरवा डहाळा आणला होता पेंडीभर. मी चहा ठेवला, तुरीला उतारा किती पडला ते विचारलं, खोकल्याचं औषध घेतलं का विचारलं. ती उड्यांची गोष्ट जिभेवर आली होती. पण समोर चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा होता, आणि वाटलं, हे काय सांगायचं, स्वतःच बघतील की. विसरले असं म्हणून मला सुटता आलं असतं. मी विसरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी रविवार. लेक आतल्या खोलीत घड्याळ लावून सरावाचा पेपर सोडवत होती. मिस्टर बाहेर गेले होते. साडेसहाला अण्णांनी पिंजरा उघडला, सतरंजीवर डहाळा पसरला. डहाळ्याचा वास घरभर झाला. मी कणीक मळत होते. आधी त्या दोघींचं चीं-चीं ऐकू आलं, धडपड ऐकू आली, आणि मग अण्णांचा आवाज. तो आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

‘भुई हालायली! भाईर! भाईर पळा!’

दार धाडकन उघडलं. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी लेकीला दंडाला धरून उठवलं, तिच्या हातात पेन तसंच, उत्तरपत्रिका टरकन फाटली, आणि तिला ओढत नेऊन रस्त्याच्या मधोमध उभं केलं. मग परत आत आले. माझ्यासाठी. आमचं स्वयंपाकघर सगळ्यात मागं, तीन खोल्या ओलांडून. इतक्या वर्षांत त्यांनी ते बघितलेलंसुद्धा नव्हतं. छाती घरघरत होती, डोळे फुटायला आलेले. मी ‘अण्णा, काय झालं, अण्णा’ म्हणतेय तोवर त्यांनी माझं मनगट धरलं, बांगड्या फुटल्या, काच रुतली, आणि कणकीच्या हातानं मी रस्त्यावर येऊन पडले.

लातूरमध्ये ही आरोळी ऐकून कुणी खिडकीतून डोकावत बसत नाही. अख्खी गल्ली बाहेर आली. मिस्त्रीभाई रंधा हातात घेऊन, त्यांच्या घरातली बाई ओल्या हातांनी, समोरच्या होस्टेलमधल्या चाळीस पोरी पुस्तकं छातीशी धरून. सगळे तारांकडं आणि टाक्यांकडं बघत होते. आणि अण्णा, अनवाणी, आम्हा दोघींकडं बोट करून मोजत होते. ‘ही हाय. ही हाय.’ तोंडावर काय उजेड होता म्हणून सांगू! मी माझ्या बापाला असं कधीच बघितलं नव्हतं.

‘ह्या खेपंला ऐकलं मी,’ ते मला म्हणाले. ‘ऐकलं का न्हाई माय? ह्या खेपंला ऐकलं.’

मग एकदम म्हणाले, ‘आन् त्या दोघी!’ आणि आम्ही धरायच्या आत तिसऱ्यांदा घरात गेले. बाहेर आले तेव्हा पंचात बांडी होती. एकटी.

तांबडी उघड्या दारातून पोर्चमध्ये आली असणार. मिस्त्रीभाईंच्या भिंतीवर बोका होता आणि त्याच्या तोंडात ती होती. मिस्त्रीभाईंनी रंधा फेकला, ओरडले, पण तो पलीकडं उतरला. लेकीनं तोंडावर हात घेतला.

काहीच हललं नव्हतं. कुणीतरी मोबाईल बघितला, कुणीतरी फोन लावला. कुठं काही नाही. होस्टेलच्या पोरी आपसात हसायला लागल्या. ‘चाचा को सपना पड्या शायद,’ कुणीतरी म्हणालं, वाईट मनानं नाही. पाच मिनिटांत गल्ली रिकामी झाली. अण्णा पोर्चच्या पायरीवर बसले, आत आले नाहीत. मी मनगट धुतलं, चिंधी बांधली. त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. लेकीचा पेपर अर्धा राहिला होता, तांबडी गेली होती, गल्लीत शोभा झाली होती, आणि हे सगळं मी एका वाक्यात टाळू शकले असते. ते वाक्य मला आतून जाळत होतं. आणि जे आपल्याला जाळतं त्याचा राग माणूस दुसऱ्यावर काढतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक कॉलेजातून आली ती तडक पायरीवर त्यांच्या शेजारी बसली. मी शाळेतून नुकतीच आले होते, खिडकीशी होते. ती म्हणाली, ‘आजोबा, झाला होता.’

‘काय?’

‘भूकंप. लहान. लांब झाला, म्हणून आपल्याला कळला न्हाई. आत्ता मोबाईलवर आलंय बघा. जनावरांना कळतो तेवढा.’

त्यांनी तिला तीनदा विचारलं. तिनं तीनदा हो म्हटलं. मोबाईलवर कसलं तरी पान काढून दाखवलं. अण्णांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी तो मोबाईल दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ बघितला. सतरा वर्षांची पोर. चेहऱ्याची रेषसुद्धा हलू दिली नाही तिनं.

त्या दिवशी अण्णा दीड भाकरी जेवले. लेकीनं संध्याकाळचा क्लास बुडवला. साडेसहाला आपण होऊन आत आले, कडी लावली, फटीत पंचा कोंबला, बांडीला सोडलं. ती खोक्यात जाऊन बसली, उडाली-बिडाली नाही. ते तिच्याशी हळू आवाजात काहीबाही बोलत राहिले. सात वाजता तिला पिंजऱ्यात घालून ते मला म्हणाले, ‘माय, आजपासून माझं अंथरूण हितंच टाक. हिच्या पिंजऱ्यापाशी.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

‘जनावर हाय घरात,’ ते म्हणाले. ‘त्ये सांगतंय. आता काय भ्याव न्हाई.’

मी गादी आणली. वर वाकळ घातली, ती आईच्या जुन्या लुगड्यांची, मावशीकडं राहिली होती म्हणून वाचलेली. अण्णा गादीवर बसले, तळहातानं वाकळ सारखी केली, स्लॅबकडं बघितलं. मग माझ्याकडं.

‘माय,’ ते म्हणाले, ‘पोर ल्हान हाय, माया करती. तू कंदी खोटं बोलत न्हाईस. खरंच झाला व्हता का गं?’

एक शब्द. हाव. दोन अक्षरं. ती म्हटली असती तर माझा बाप त्या रात्री माझ्या घरात झोपला असता, आणि दुसऱ्या रात्रीही. मला दिसत होतं की ते उत्तर मागत नव्हते, ते माझ्याकडं ‘हाव’ मागत होते. लेक दारात उभी राहून माझ्याकडं डोळे मोठे करून बघत होती. पण मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, उद्या बांडी उडाली की हे पुन्हा असंच करणार. परीक्षेच्या दिवशी करतील. आणि चुकीच्या उत्तरावर बरोबरची खूण करायला माझा हात उठत नव्हता. आणि या सगळ्याच्या खाली तो जुना राग होता.

‘न्हाई,’ मी म्हणाले. ‘काय झालं नव्हतं. त्या दोघी खुशीत उड्या मारत होत्या. खूश झाल्या की तसंच करतात. तुम्हाला जनावराचं काही कळत न्हाई अण्णा. तेव्हाबी कळलं नव्हतं.’

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मी हातानं तोंड दाबलं. गेलं ते गेलं. अण्णांनी उठून ती वाकळ व्यवस्थित घडी केली, माझ्या हातात दिली आणि जिना चढून वर गेले. मी मागं गेले, पाय धरले, ‘अण्णा, मी वाकडं बोलले, खाली चला.’ ते माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, ‘खरं बोललीस की माय. त्यात काय?’

तिसऱ्या दिवशी ते ज्वारी राखायची म्हणून किल्लारीच्या जीपमध्ये बसले. जाताना पिंजऱ्याच्या जाळीतून बोट घालून बांडीच्या कपाळाला लावलं. राहिलेला डोळा पुढं बघू म्हणाले. महिना भरायच्या आत बटईवाल्याचा फोन आला. सकाळी चहा घेऊन गेला तर अण्णा पत्र्याखाली बाजेवर, छाती थांबलेली. मी गेले तेव्हा तिथं एक शेळी हिंडत होती. बटईवाला अण्णांना दादा म्हणायचा, तो सांगत होता, दादानं जाता जाता शेळी घेतली बघा, आन् बांधायची न्हाई म्हणून हट्ट. गळ्यात दावं घालू दिलं न्हाई. लोकांच्या पिकात जायची, लोक भांडायला यायचे, पण दादा बांधत नव्हता.

मी त्या शेळीच्या गळ्याला मिठी मारून रडले. बायकांना वाटलं हिला वेड लागलं.

लेकीनं मला एकदाच विचारलं, ‘तू हो का न्हाई म्हणालीस?’ मी म्हणाले, खरं नव्हतं म्हणून. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुस्तक उघडलं. मी तिच्यापाशी आधीच कबूल करायला पाहिजे होतं की उड्यांचं आजोबांना सांगायचं माझ्याकडूनच राहिलं. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. तिला ते ठाऊक आहे आणि ती मला विचारत नाही. पोरगी पास झाली, आता नांदेडला मेडिकलला आहे, मावशीच्या घरापासून जवळच. मावशी म्हणते, गुणाची आहे, पण तुझ्यासारखी फटकळ नाही. मी म्हणते, बरं आहे.

बांडी माझ्याकडंच राहिली. तांबडी गेल्यापासून तिनं कोपरा धरला होता. खायची, पाणी प्यायची, बस्स. साडेसहाला मी तिला सोडते, माझं काम उरकून किंवा टाकून. उकिडवी बसते, अण्णा बसायचे तिथं. फटीत त्यांचा पंचा कोंबते. गेल्या दिवाळीत लेकीनं येताना खोक्यातून एक नवं पिल्लू आणलं, करड्या रंगाचं. ‘एकटं ठेवू नये ह्यांना,’ म्हणाली, कुणाबद्दल म्हणाली ते मी विचारलं नाही.

परवा मी हरभऱ्याचा डहाळा आणला होता. दोघींपुढं पसरला. करडं पिल्लू आधी उडालं. बांडी खोक्याच्या दारातून बघत होती. मग ती बाहेर आली, म्हातारी, जड, आणि जागच्या जागी उडाली. जेमतेम चार बोटं, पण उडाली. पुन्हा उडाली. घरात मी एकटीच होते, कडी लावलेली होती. मी वर स्लॅबकडं बघितलं, आणि मोठ्यानं, समोर कुणी बसल्यासारखं म्हणाले, ‘हाव, अण्णा. झाला व्हता.’